आवक, जावक आणि पोच

जुन्या पेढ्यांवर पत्रव्यवहारासाठी दोन नोंदवह्या ठेवलेल्या असत. एक आवकेची, दुसरी जावकेची. आलेल्या पत्रावर क्रमांक पडे, गेलेल्या पत्राचीही नोंद होई, आणि महत्त्वाच्या कागदाची पोच आल्याशिवाय मुनीम ते प्रकरण मिटले असे मानत नसे. हुंडीचा व्यवहार तर याच शिस्तीवर उभा होता. हुंडी लिहिली म्हणून व्यवहार पुरा होत नसे. ज्याच्यावर ती लिहिली त्याने ती सकारावी लागे. व्यापारी घराण्यांच्या रक्तात मुरलेली ही शिस्त आज रुग्णालयांच्या दारात नव्याने आठवण्याची वेळ आली आहे. कारण देशभरातील रुग्णालये कागदाकडून संगणकाकडे निघाली आहेत, आणि या वाटेवर ‘पत्र लिहिले’ आणि ‘पत्र पोहोचले’ यांतील अंतर कित्येकदा रुग्णाच्या जिवाएवढे महाग पडते.

यवतमाळ जिल्ह्याचा विस्तार पाहिला की या अंतराची कल्पना येते. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात गुंतागुंतीच्या आजारासाठी शासकीय आधार म्हणजे यवतमाळ शहरातील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. महाविद्यालय १९८९ मध्ये सुरू झाले. उमरखेडकडचा रुग्ण शंभरएक किलोमीटरचा प्रवास करून तेथे येतो; वणी, झरी जामणी, पांढरकवड्याकडचे रुग्णही याच वाटेने येतात. आजार अधिक बळावला तर पुढची वाट सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरची. अशा रुग्णाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी, ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे आणि मागच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, सारे एकत्र असते. डॉक्टर एकमेकांना जे लिहितात ते पोहोचवणारा टपालवाला येथे रुग्ण स्वतः असतो. पिशवी पावसात भिजली, एसटीत राहिली किंवा घरी विसरली, की आजाराचा इतिहासच हरवतो. मग तपासण्या पुन्हा होतात, खर्च पुन्हा होतो, आणि ज्या दिवशी उपचार सुरू व्हायचे तो दिवस निघून जातो.

असे पत्र किती मोलाचे असते, हे जिल्ह्याने २०१७ मध्ये पाहिले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि यवतमाळ जिल्ह्यात सुमारे वीस जणांना प्राण गमवावे लागले. विषबाधेच्या रुग्णाबरोबर येणाऱ्या चिठ्ठीत चार गोष्टी असाव्या लागतात: कोणते औषध फवारले, किती वेळापूर्वी, लक्षणे कधी सुरू झाली आणि पहिल्या ठिकाणी काय उपचार दिले. सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय कीटकनाशक असेल तर ॲट्रोपिनचे किती डोस आधीच गेले आहेत, हे पुढच्या डॉक्टरला कळणे अत्यावश्यक असते. विषाचे नाव ठाऊक नसेल तर उपचार लक्षणांवरून अंदाजाने करावे लागतात. जी चिठ्ठी रुग्णाच्या आधी रुग्णालयात पोहोचेल, ती खाट, औषध आणि डॉक्टर तयार ठेवू शकते. जी रुग्णाबरोबर येते ती फार तर त्याच्यासाठी बोलू शकते. कागदमुक्त पत्रव्यवहाराचा खरा लाभ येथे आहे. कपाटे रिकामी होणे हा त्याचा दुय्यम फायदा.

तथापि संगणक आला म्हणजे पत्र पोहोचलेच, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. तेथे २०१३ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी २०१८ पर्यंत आरोग्यसेवा कागदमुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ते वर्ष आले तेव्हा तेथील रुग्णालयांत हजारो फॅक्स यंत्रे चालूच होती. अखेर जानेवारी २०१९ पासून नवी फॅक्स यंत्रे विकत घेण्यावर बंदी घालावी लागली. मात्र उशिरापेक्षा अधिक विचार करायला लावतात त्या तेथील दोन घटना.

पहिली घटना कागदाची. २०१७ मध्ये उघडकीस आले की रुग्णांची सुमारे सात लाख नऊ हजार टपाली कागदपत्रे योग्य डॉक्टरांकडे न जाता वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिली होती. त्यांत तपासण्यांचे निकाल होते, उपचारांच्या सूचना होत्या. ही कागदपत्रे पुढे पाठवण्याचे काम एका सेवा-कंपनीकडे सोपवलेले होते. दुसरी घटना संगणकाची. २०२३ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील रुग्णालयांत आढळले की वरिष्ठ डॉक्टरांनी तयार केलेली चोवीस हजारांहून अधिक पत्रे रुग्णांना आणि त्यांच्या कौटुंबिक डॉक्टरांना गेलीच नव्हती. संगणकप्रणालीत दुसऱ्या डॉक्टरच्या मंजुरीची वाट पाहणारी पत्रे एका वेगळ्या कप्प्यात जमा होत होती, आणि असा कप्पा आहे हे फार थोड्या कर्मचाऱ्यांना ठाऊक होते. लिहिणाऱ्याला वाटे पत्र गेले. ज्याला मिळायचे त्याला तर असे काही पत्र आहे हेच माहीत नव्हते.

गोदामातील गठ्ठा आणि संगणकातील कप्पा, या दोहोंत दोष एकच होता. जावक नोंदली गेली, पोच कोणी पाहिली नाही. कागदाचा गठ्ठा निदान कधीतरी कोणाच्या पायात येतो. संगणकातला गठ्ठा डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून कागद जितका कमी, तितकी पोच पाहणाऱ्या माणसाची गरज अधिक.

हे जमवता येते, याचे उदाहरण डेन्मार्कने घालून दिले. तेथे १९९४ मध्ये ‘मेडकॉम’ नावाची यंत्रणा उभी राहिली. तिने एक भव्य प्रणाली सर्वांच्या माथी मारली नाही. दवाखाने, रुग्णालये, प्रयोगशाळा आणि औषधविक्रेते यांच्याकडे आपापले वेगवेगळे संगणक होतेच; मेडकॉमने फक्त पत्रांचे साचे ठरवले. संदर्भचिठ्ठी कशी असावी, डिस्चार्जचे पत्र कसे असावे, रक्ताचा अहवाल कोणत्या क्रमाने असावा, हे निश्चित झाले. संदेश मिळाल्याची पोच परत येण्याची सोय त्यातच होती. शिवाय १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एक कायम क्रमांक असल्याने पत्र कोणाचे, याबद्दल शंका उरत नव्हती. ठरलेला साचा, खात्रीची ओळख आणि पोच, या तीन गोष्टींवर तो सारा व्यवहार उभा आहे. हुंडीच्या जाणकाराला यात काहीच अपरिचित वाटणार नाही.

भारतातही या दिशेने पायाभरणी झाली आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरांवर तीन जबाबदाऱ्या टाकल्या: दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे, रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास त्या ७२ तासांत देणे, आणि नोंदी चटकन सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर आणण्याचा प्रयत्न करणे. आयुष्मान भारत डिजिटल अभियान २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातील ‘आभा’ हा चौदा अंकी क्रमांक म्हणजे रुग्णाच्या आरोग्यखात्याचा क्रमांक. कागदपत्रे ज्या रुग्णालयाची त्याच्याकडेच राहतात. रुग्णाने संमती दिली की दुसऱ्या ठिकाणचा डॉक्टर ती पाहू शकतो. नोंदणीच्या खिडकीवर क्यूआर संकेत भ्रमणध्वनीने टिपला की नाव-पत्ता पुन्हा सांगावा लागत नाही, ही सोयही अनेक रुग्णालयांत झाली आहे. यवतमाळहून वर्ध्याला, वर्ध्याहून नागपूरला जाणाऱ्या रुग्णासाठी हा क्रमांक फार उपयोगाचा ठरू शकतो. मात्र खाते उघडल्याने शिल्लक जमा होत नाही. प्रत्येक रुग्णालयाने आपला कागद त्या क्रमांकाशी जोडला, तरच पुढच्या डॉक्टरला काही दिसेल.

विदर्भातच एक जुना धडा उपलब्ध आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गांधीजींच्या आश्रमाच्या सान्निध्यात उभे राहिले आणि १९६९ पासून ते महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे शिक्षण-रुग्णालय आहे. यवतमाळ जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे तेथे जातात. साधेपणाचा वारसा सांगणाऱ्या या रुग्णालयाने ‘सी-डॅक’ या केंद्रीय संस्थेची रुग्णालय माहिती प्रणाली पुष्कळ आधी स्वीकारली. खेड्यातल्या, अल्प शिक्षित रुग्णांच्या रुग्णालयाला संगणक झेपणार नाही, हा समज तेथे टिकला नाही. कारण संगणक डॉक्टरांनी आणि कर्मचाऱ्यांनी वापरायचा असतो. रुग्णाला त्यातून स्पष्ट छापलेला, वाचता येणारा कागद मिळाला तरी पुरेसे असते.

दुसऱ्या बाजूचे धडेही आपल्याच देशातले आहेत. २०२२ मध्ये राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वापरात असलेली संगणकप्रणाली सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या देयकांच्या वादातून बंद पडली आणि तेथील डॉक्टर-कर्मचाऱ्यांना पुन्हा कागद-लेखणी हाती घ्यावी लागली. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला. कित्येक दिवस बाह्यरुग्ण विभागापासून प्रयोगशाळेपर्यंत सारे काम हाताने चालले. ज्या पेढीचा हिशेब एकाच मुनिमाच्या डोक्यात असतो, त्या पेढीची चावी मुनिमाच्या हाती असते. प्रणाली कोणाचीही असो, नोंदी रुग्णालयाच्या मालकीच्या राहिल्या पाहिजेत, त्यांची दुसरी प्रत वेगळ्या जागी असली पाहिजे, आणि वीज किंवा जोडणी गेली तर कोणत्या छापील फॉर्मवर काम करायचे हे आधीच ठरलेले असले पाहिजे. मेघगर्जनेबरोबर वीज जाणाऱ्या गावांत तर हे विसरून चालणारच नाही.

आज प्रत्यक्षात जे कागदमुक्त झाले आहे, ते बहुतांशी व्हॉट्सॲपच्या वाटेने. एक्स-रेचा फोटो, ईसीजीची पट्टी, रक्ताचा रिपोर्ट क्षणात नागपूरच्या तज्ज्ञाकडे जातो आणि त्याचा सल्ला मिळतो. या सोयीने अनेकांचे प्राण वाचले असतील, यात शंका नाही. परंतु तिच्यात खाते नाही. फोटोवर नाव नसते, तारीख कापली जाते, एकाच आडनावाच्या दोन रुग्णांचे रिपोर्ट एकमेकांत मिसळतात. डॉक्टर बदलला की सारा पत्रव्यवहार त्याच्या भ्रमणध्वनीबरोबर निघून जातो. आणखी एक गोष्ट व्यापारी समाजाने विशेष लक्षात घ्यावी. घरातील सुनेचा, मुलीचा किंवा वडिलांचा रिपोर्ट नातेवाइकांच्या गटावर फिरू लागला की तो परत बोलावता येत नाही. आजाराची वार्ता सोयरिकीच्या बोलण्यांपर्यंत आणि बाजारातील पतीपर्यंत पोहोचते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संस्थांवर बंधने घातली. पण कुटुंबाच्या हातून सुटलेल्या फोटोला कायदा क्वचितच आवरू शकेल. तेथे आपला संयमच उपयोगी पडतो.

मग एखाद्या रुग्णालयाच्या एखाद्या विभागाने कागदमुक्त व्हायचे ठरवले, तर आरंभ कोठून करावा? यंत्रांच्या यादीपासून नव्हे. प्रथम महिनाभर विभागात येणारी आणि तेथून जाणारी पत्रे मोजावीत: बाहेरून आलेल्या चिठ्ठ्या, दुसऱ्या विभागाकडे मागितलेले अभिप्राय, प्रयोगशाळेचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड, गावच्या डॉक्टरला द्यायचे उत्तर, महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे. त्यांतील कोणत्या पत्राला उशीर झाला तर रुग्णाचे नुकसान होते, ते वेगळे काढावे. गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि निकाल येण्यापूर्वी रुग्ण घरी गेला, तर तो निकाल सर्वांत धोक्याचा कागद ठरतो. तो कोणाच्या नावावर येईल, कोण वाचील आणि रुग्णाला कोण कळवील, हे ठरल्याशिवाय संगणक आणला तर जुनाच घोळ नव्या पडद्यावर दिसू लागेल.

दुसरी गोष्ट रोजच्या मेळाची. दुकान वाढवण्यापूर्वी जशी सिलक मोजली जाते, तशी विभागात दररोज सायंकाळी एका जबाबदार व्यक्तीने प्रलंबित पत्रांची यादी पाहावी: लिहिलेली पण मंजूर न झालेली, मंजूर झालेली पण न पाठवलेली, पाठवलेली पण पोच न आलेली. न्यूकॅसलचा तो अज्ञात कप्पा अशा यादीत पहिल्याच आठवड्यात सापडला असता. तिसरी गोष्ट रुग्णाच्या हातातील प्रतीची. स्मार्टफोन नसलेल्या वृद्धाला, कोलामी पोडावरून आलेल्या मातेला ‘सारे संगणकात आहे’ असे सांगून रिकाम्या हाती पाठवणे हा अन्याय होईल. त्यांना मराठीत, मोठ्या अक्षरांत छापलेले एक पान मिळावे: आजार काय, औषध कोणते आणि किती दिवस, कोणते लक्षण दिसताच परत यायचे. विदर्भात सिकलसेल आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांना आयुष्यभर वेगवेगळ्या दवाखान्यांत जावे लागते. अशा रुग्णाच्या खिशातील पत्रिका अपरात्री, अनोळखी डॉक्टरपुढे कोणत्याही सर्व्हरपेक्षा लवकर उघडते.

या विषयाशी जैन व्यापारी कुटुंबांचा संबंध दुहेरी आहे. एक तर रुग्णाचे नातेवाईक म्हणून. प्रत्येक घरात ज्येष्ठांसाठी एक आरोग्यपान असावे. त्यावर चालू औषधे व त्यांची मात्रा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, झालेल्या शस्त्रक्रिया आणि त्यांची वर्षे, रक्तगट, आभा क्रमांक आणि नेहमीच्या डॉक्टरचे नाव एवढे लिहावे आणि दर दिवाळीला वहीपूजनाच्या सुमारास ते ताजे करावे. जुन्या फाईलमधील कागद तारीखवार लावून त्यांची संगणकीय प्रत करून घ्यावी. मूळ कागद मात्र फेकू नयेत. उपवास-तपश्चर्येच्या दिवसांत मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या औषधांत डॉक्टरांनी केलेला बदलही त्या पानावर असावा. अचानक दाखल करावे लागल्यास पुढच्या डॉक्टरला त्याचा मोठा उपयोग होतो. रुग्णालयातून घरी निघताना बिलाबरोबर तीन प्रश्न अवश्य विचारावेत: कोणता रिपोर्ट यायचा बाकी आहे? तो कोण कळवणार? आणि आमच्या गावच्या डॉक्टरला पत्र गेले का? दुकानातील नोकर, हमाल, घरकामाची बाई यांच्या आजारपणात हेच तीन प्रश्न त्यांच्या वतीने शेठजींनी विचारले, तर त्या मदतीचे मोल पैशाहून अधिक होईल.

दुसरा संबंध दात्याचा. जिल्ह्यातील अनेक रुग्णालये, रुग्णवाहिका, डायलिसिसची यंत्रे समाजाच्या देणग्यांवर उभी आहेत. दाता सहसा यंत्र देतो, कारण यंत्रावर नावाची पाटी लागते. पण विभागाला अनेकदा हवे असते ते दोन संगणक, एक चांगला प्रिंटर, वीज गेल्यावर काही तास चालणारी बॅटरी आणि मराठी व इंग्रजी दोन्ही नीट टंकणारा एक कर्मचारी. यांवर पाटी लावता येत नाही. तरीही एखाद्या विश्वस्त मंडळाने वर्षभरासाठी असा कर्मचारी दिला आणि त्याच्याकडे फक्त पोच पाहण्याचे काम सोपवले, तर शेकडो रुग्णांचे निकाल वेळेवर पोहोचतील. देणगी देताना संस्थेला एक प्रश्नही विचारावा: गेल्या महिन्यात तुमच्याकडून गेलेल्या पत्रांपैकी किती पत्रांची पोच आली? या प्रश्नाचे उत्तर ज्या संस्थेकडे तयार असेल, तिच्या हातात संगणक शोभेल. जिच्याकडे नसेल, तिला आधी एक वही आणि ती रोज उघडणारा माणूस द्यावा.

व्यापारी घरांनी गेल्या काही वर्षांत हा बदल स्वतः अनुभवला आहे. रोजमेळ आणि खतावणी संगणकात गेली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराची विवरणपत्रेही ऑनलाइन भरावी लागली. आरंभी गोंधळ झाला, दंडही भरावे लागले. पण ज्या पेढ्यांची जुनी वही चोख होती त्यांना नवी पद्धत लवकर साधली, आणि जिथे वहीच विस्कळीत होती तिथे संगणकाने विस्कळीतपणा अधिक वेगाने वाढवला. रुग्णालयांचेही याहून वेगळे नाही. फरक इतकाच की पेढीवर चुकलेली नोंद पुढच्या तिमाहीत दुरुस्त करता येते. उमरखेडच्या रुग्णाचा न पोहोचलेला निकाल तशी सवलत देत नाही.